फाटकाजवळचा रूळ

मी रूळ बोलतोय. पूर्ण नाही, हातभर तुकडा. पोरं मला घंटा म्हणतात. मी घंटा नाही. घंटा पितळेची, चर्चवर टांगलेली. तिचा थाट रविवारी. मी रोज मार खातो.

तरुणपणी मी जबलपूर स्टेशनाबाहेर लाइनीत होतो. माझ्यावरून माणसं मुंबईला गेली, अलाहाबादला गेली. मी कुठं गेलो नाही. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, जबलपूर इकडं मध्य प्रदेशात राहिलं. त्याच सुमारास मला कापून काढलं. चर्चच्या फादरनी मला मागून आणलं आणि नव्या शाळेच्या कडुनिंबाला टांगलं. शाळा दोन खोल्यांची. फादरचं म्हणणं एकच. ज्या घरात कोणी पाटी धरली नाही, त्या घरचं पोर आधी.

मला ठोकायला पुंडलिक चपराशी होता. वर्ध्याकडचा, माझ्यासारखाच खरखरीत. सकाळी आठला दहा ठोके. दहावा पडला की फाटक बंद. तीनदा बाहेर राहिलं की नाव कटलं. हा नियम शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचा.

गढा वस्तीतली शकु दोनदा बाहेर राहिली.

“काहून उशीर होऊन राहिला वं तुले?” पुंडलिकनं विचारलं.

“आई कामावर जाते. पाणी मीच भरतो. नळ साडेसातले येते, काका. त्याले काय सांगू, सिस्टर रागावते म्हणून?”

तेव्हापासून माझी चाल बिघडली. नऊ ठोके खणखणीत. मग पुंडलिक हातोडी पुसायचा, मिशी खाजवायचा. गल्लीच्या तोंडाशी शकुच्या वेण्या दिसल्या की दहावा. बदनामी माझी.

सिस्टरांच्या ध्यानात आलंच.

“पुंडलिकजी, यह घंटी इतना टाइम क्यों लेती है?”

“बूढ़ा लोहा है, सिस्टर. दम लेता है.”

“लोहा दम लेता है?”

“जिनके वास्ते शाला खोली, उन्हीं पे फाटक बंद?”

दुसऱ्या दिवशी हातोडी सिस्टरांनीच घेतली. पुंडलिकला फाटक लावायला उभं केलं.

नऊ पडले. सिस्टरांचा हात जड. शकुचा पत्ता नाही. सिस्टरांनी हातोडी उचलली आणि तशीच वर धरली. पोरं प्रार्थनेला ताटकळली. शकु धापा टाकत आत शिरली, तेव्हा ठोका पडला.

“कल से यही नियम,” सिस्टर कडक आवाजात म्हणाल्या. “नौ के बाद सौ तक गिनना. फिर दसवाँ.”

आता विजेची घंटा आली. ती कोणाला मोजत नाही. मी अजून झाडावर आहे. गंजलो, पण तेल मागत नाही. वीज गेली की मला ठोका. फक्त दहाव्याआधी रस्त्याकडं बघा.