रावजींची परात

"या साखरबाई, या. बगा कशी टम्म फुगली!"

रावजींनी गॅसवरची भाकरी चिमट्याशिवाय, नुसत्या बोटांनी उचलली आणि दाराकडे धरली. शेजारच्या साखरबाई दूध घालायला आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या.

"आगं बया! भावजी, आमच्या सुनंला पाठवू का तुमच्याकडं शिकाय?"

"पाठवा की. फी घेनार मातर."

दोघंही हसले. भिंतीला टेकून बसलेल्या रावजींच्या पत्नी द्वारकाबाईही हसल्या. गेल्या दिवाळीत अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी परत आला, भिंतीला धरून त्या चालू लागल्या. हात तेवढा मागं राहिला.

रावजी साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा नाइलाजानं ते परातीला बसले. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या ट्यूबच्या पंक्चरला लावाव्यात अशा होत्या. द्वारकाबाई कॉटवरून अडखळत सांगायच्या, "पानी कडक घ्या... तळव्यानं रगडा..." आणि एका सकाळी पिठाचा उंडा हाताखाली आपोआप गोल फिरायला लागला. कडेला एक चीर नाही! रावजींना काय आनंद झाला म्हणून सांगावं. कारखान्यात एवढी वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवले, पण हे सुख काही वेगळंच होतं.

मग काय, गडी पेटलाच. मिक्सर कपाटात गेला, मिरचीचा खर्डा तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायला लागले. पितळेची भांडी चिंचेनं घासून उन्हात पालथी घालायची आणि लांब उभं राहून बघायची. बारामतीच्या सुनेनं, निकितानं, सासऱ्यांचा भाकरी थापतानाचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. निमगावात जो भेटेल तो म्हणायचा, "रावजी, बायकोचं करावं तर तुमीच!" रावजी मान खाली घालायचे, पण ते ऐकायला त्यांना आवडायचं. फार आवडायचं.

आता खरी गोष्ट. इंदापूरच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी मागंच सांगितलं होतं, "बाबा, आजींना पीठ मळायला द्या. घरातलं काम हाच त्यांचा व्यायाम. हात चालला नाही तर आहे तोही राहणार नाही." रावजींनी एकदा दिलं. अर्धं पीठ फरशीवर गेलं, भाकरी परातीतून उचलतानाच फाटली. रावजी म्हणाले, "र्‍हाऊ दे, दमशील. पीठ नासतंय उगं." आणि परात आपल्याकडं ओढून घेतली. द्वारकाबाईंनी पुन्हा कधी मागितली नाही. रावजींनीही पुन्हा विचारलं नाही. दया आली म्हणून, असं ते स्वतःला सांगत. थोडी आलीही होती. पण खोटं कशाला बोला, परात त्यांना सोडवत नव्हती.

एक दिवस दुपारची झोप काढून रतिबाचे पैसे द्यायला ते साखरबाईंच्या गोठ्याकडं गेले. मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या. त्या बघून फिटरच्या नजरेला खटकलं. गोवऱ्या इतक्या पातळ? एवढ्याशा शेणाच्या? सुरुवातीच्या ओबडधोबड, तुटलेल्या. पुढं पुढं गोल होत गेलेल्या. प्रत्येकीवर बोटांचे ठसे होते, तीन खोल उमटलेले आणि दोन नुसते टेकलेले.

"साखरबाई, ह्या कुनी लावल्या?"

साखरबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"बोला की!"

"वयनींनी. तुमी दुपारी झोपला की भिंतीला धरून येत्यात. सांगू नका म्हनल्या हुत्या."

"शेनात हात घालायला? घरात पीठ न्हाय व्हय?"

"म्या बी तेच म्हनलं. तर म्हनल्या, हे कितीबी नासलं तरी चालतंय. त्यास्नी पीठ नासल्यालं आवडत न्हाय."

रावजी तसेच माघारी फिरले. पैसे खिशातच राहिले. घरी आले तर द्वारकाबाई हात धुऊन, पदराला पुसून, कॉटवर शहाण्यासारख्या बसलेल्या. त्यांच्याकडं बघायचीही रावजींना लाज वाटली. बायकोची सेवा करतो म्हणून गावभर मिरवलो आणि तिच्या हातातलं होतं तेवढंही काढून घेतलं! रात्रीची भाकरी त्यांनी थापली, पण आपली तशीच ताटात ठेवली.

सकाळी त्यांनी पीठ घेतलं, कडक पाणी केलं आणि परात द्वारकाबाईंपुढं सरकवली.

"आज तू कर."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "साखरी बोलली वाटतं."

"व्हय."

"सांडंल."

"सांडू दे."

"तुमाला बगवायचं न्हाय. हात मदी येईल तुमचा."

हे खरंच होतं. "मग मी भायेर बसतो," रावजी म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

आतून थापण्याचा आवाज यायला लागला. एक थाप, मग मोठी विश्रांती, मग दुसरी. रावजींचे तळवे शिवशिवत होते. मधेच आवाज थांबला. काहीतरी फाटल्यासारखं, मग "आई गं" असं हळूच. आणि त्या क्षणी रावजींच्या मनात चक्क आलं, मोडली! मोडली का नाही!

आलं ते आलंच. त्यांना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. चाळीसच्या वर वर्षं जिनं गरम भाकरी ताटात टाकली, तिची एक मोडली तर आपल्याला बरं वाटतंय? हा कसला माणूस म्हणायचा!

पुन्हा थाप सुरू झाली.

बऱ्याच वेळानं द्वारकाबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. डाव्या हातात ताट. भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडं करपलेली, मधून चिरलेली. त्यांनी ताट ठेवलं आणि उभ्याच राहिल्या. कशी झाली, हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं आणि रावजींनीही कधी सांगितलं नव्हतं.

रावजींनी तुकडा मोडला. चांगली झाली म्हणावं तर ती हसेल. खोटं तिला लगेच कळतं. त्यांनी खाली मान घालून सगळी भाकरी खाल्ली, करपलेल्या कडेसकट.

"आजून एक वाढ."

"न्हाय की. थापाया लागंल. येळ लागतो मला."

"लागू दे."

द्वारकाबाई आत गेल्या. रावजी रिकाम्या ताटापुढं बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.