पाद्रीसाहेबांनंतरचं डोकं

माझ्या माताइओच्या जावळाच्या दिवशी मला एकच काळजी होती : पाद्रीसाहेबांची मान.

आमच्या आतिउ बेटावर मुलाचं जावळ पाच-सहा वर्षं वाढवतात. मग वेण्या घालून रिबिनी बांधायच्या, पाहुण्यांनी एकेक वेणी कात्रीने कापायची आणि उरलेलं रान घरातल्या वडीलधाऱ्याने मशीनने उतरवायचं. आमच्याकडे तो मान नवऱ्याच्या काकांचा, पापा तुताईंचा.

सकाळी हात बसावा म्हणून पापांनी त्याच मशीनने पाद्रीसाहेबांची मान कोरली. मी चहा घेऊन मागेच उभी होते. कॉलरखाली नाण्याएवढं लालसर गोल, कडेला खवले. नायटा! आणि पुढचं डोकं माझ्या पोराचं.

सासूबाईंच्या कानात सांगितलं, तर त्या फिस्कारल्या, "पाद्रीसाहेबांना कसला गं नायटा? उष्णता आहे ती. प्रवचनाची."

मग पापांकडे गेले. "पापा, मशीन जरा पुसून देऊ?"

"पुसून? पोरी, तू जन्मायच्या आधीपासून चालतंय हे. खोबरेल सोडून कशाला शिवलेलं नाही." असं म्हणत त्यांनी पाती तेलाच्या वाटीत बुडवली. दात्यांत निम्म्या गावाचे केस होते. काही पिंगट होते, ते बहुतेक कुत्र्याचे.

शेवटची वेणी पडली. पापा उठले, खाकरले, बटण दाबलं. मशीन घुं करून गप्प झालं. आमच्याकडे थंडी जुलैत; त्या गारठ्यात आतलं खोबरेल थिजून पाती चिकटलेली.

"करंट कमी आहे," मांडवातून कुणी म्हणालं.

"ऑकलंडच्या पाहुण्यांची नजर लागली!"

"आम्ही काय केलं रे?" ऑकलंडवाले म्हणाले.

पापांचे कान लाल झाले. एवढीच संधी होती. मी मोठ्याने म्हटलं, "पापा, तुमच्या वडिलांचा तो नियम नाही का, थंडीत प्रत्येक डोक्याआधी पाती उघडून स्पिरिटने धुवायची?"

असला नियम कुणाच्याच वडिलांचा नव्हता. पापांनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे.

"मग! किती वेळा सांगायचं ह्या पोरींना?" ते गरजले. "आण स्पिरिट!"

मी दोन स्क्रू काढले. आतून केसांचा घट्ट गोळा निघाला. दातब्रशने दाते घासले, स्पिरिटने दोनदा धुतले, कोरडे झाल्यावर सासूबाईंच्या शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. वरची पाती केसभर मागे ठेवून स्क्रू आवळले; पुढे आली तर कातडीच कापते. तोवर पापा मांडवाला सांगत होते, "बघा, असं शिकवावं लागतं."

मशीन सुरू झालं. माताइओ खुदकन हसला, "गुदगुल्या होतात!" कुठे ओरखडासुद्धा नाही. पाद्रीसाहेबांनी पापांच्या हाताला आशीर्वाद दिला, तोही हात हातात घेऊन.

पुढचे पंधरा दिवस मी पोराचं डोकं उजेडात धरून तपासत होते. काही उठलं नाही. उठलं ते पापांच्या मनगटावर, छान गोल.

"तुझं ते स्पिरिट!" पापा मला म्हणाले. "कातडी जाळली माझी."

"चुकलंच, पापा," मी म्हटलं आणि मलमाची ट्यूब त्यांच्यापुढे ठेवली. "भाजल्यावरचंच आहे. थोडं पाद्रीसाहेबांनाही द्या, त्यांच्या उष्णतेला."