अनुभवाचा दाखला

या गावात काही हरवत नाही. कॉलेजात छत्री विसरलात, तर ती तुमच्या आधी घरी पोचलेली असते. बँकेचं पासबुक माशांच्या पिशवीबरोबर येतं, गॅसची पावती दूधवाला आणून देतो, आणि परीक्षेचा निकाल पोरापेक्षा आधी पोराच्या आईला कळतो. कुणाचं काहीही कुणाच्याही हातात द्यावं, ते बरोब्बर घरी जातं. इथले लोक याला माणुसकी म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, असतेही ती माणुसकीच. संचितालाही अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तसंच वाटत होतं.

ती इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे घ्याल तेवढ्या तासांचे पैसे, मे महिन्यात घरी बसा, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करा. असे पाच जून झाले होते. तिचे वडील महादू त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होते. ज्या बेसिनमध्ये त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, त्याच्या शेजारी त्यांची मुलगी खडू घेऊन उभी राहिली, तेव्हा अख्ख्या गावाचा ऊर भरून आला होता. प्राचार्य बदलले की नव्या प्राचार्यांना ही गोष्ट सांगायचा रिवाजच पडला होता. संचिता अशा वेळी हसून उभी राहायची आणि तास सुरू व्हायची वाट बघायची.

मार्चमध्ये कोल्हापूरच्या एका कॉलेजची जाहिरात आली. जागा एकच, पण कायम. तिने कुणाला न सांगता अर्ज केला. बोलावणं आलं: सोमवारी अकरा वाजता, मूळ कागदपत्रांसह, आणि त्यात पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला. बाबांनाही तिने सांगितलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात दोघंच. निवड होते की नाही याचाच पत्ता नाही, मग आधीच त्यांच्या जिवाला घोर कशाला? आणि खरं सांगायचं तर जायचं की नाही, हे तिचं तिलाही पुरतं ठरलेलं नव्हतं. ते ठरवायची वेळ एकदा आपल्यावर यावी, आणि ते आपणच ठरवावं, एवढंच तिला हवं होतं.

प्राचार्यांना तेवढं कोल्हापूरचं सांगावं लागलं; त्यांनी दाखल्यावर मुकाट सही केली. शुक्रवारी दुपारी शिक्का मारून ठेवतो, असं हेडक्लार्क कॉस्मे म्हणाले. चारला प्रॅक्टिकल आटोपून, हाताला अजून ॲसिडचा वास होता तशीच, ती ऑफिसात गेली.

"दाखलो?" कॉस्मेंनी चष्मा कपाळावर चढवला. "तो मघाशीच तुझ्या बाबाकडे दिलंय."

"बाबांकडे? कशाला, काका?"

"गो, चायक इल्लो तो. म्हटलां, तुका परत जिनो चढूचो कशाक? घरचोच माणूस."

कॉस्मेंच्या तोंडावर असं समाधान होतं, की तिला धड रागावताही येईना. महादू निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तीनचा चहा कॉलेजच्या ऑफिसातच घ्यायचे, हे ती कशी विसरली? तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि स्कूटी काढली.

घरी महादू मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसले होते.

"बाबा, कॉस्मेकाकांनी कागद दिल्लो मा?"

"होय गो. तो दाजींकडे दिलंय."

दाजी म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष.

"दाजींक कित्याक?"

"वाचूक. पाच वर्सां माझ्या चेडवान काम केल्यान, आता सायबान लिहून पण दिल्यान. दाजी म्हणाले, बघतंय काय करूचा ता."

बोलताना त्यांनी मान वर केली नाही. तीस वर्षं कॉलेजात काढलेल्या माणसाला असा दाखला कोण कशासाठी घेतं, हे कळत नव्हतं असं नाही. ती दारात उभी राहिली. आता विचारतील, खंय जातंस गो, म्हणून विचारतील. विचारलं असतं तर तिने सगळं सांगून टाकलं असतं.

"कालवण करू की तळू?" महादूंनी विचारलं.

शनिवारी सकाळी ती दाजींच्या काजूच्या कारखान्यावर गेली. तिला वाटलं होतं, दाखल्यासाठी भांडावं लागेल. पण दाजींनी ती दिसताच टेबलाच्या खणातून पाकीट काढून हातात ठेवलं आणि चहा सांगितला.

"जा, जावन ये. आमचो काय एक अडथळो नाय," ते म्हणाले. "पण कोल्हापुरात काय आसा गो? गेल्या साली तुका ताप इल्लो, तेवा चार घरांतसून पेज इली. थंय कोण देतलो?"

पेज खरोखरच आली होती. चारही घरची गोड लागली होती. पण त्याच चार घरांनी तिच्यासाठी तीन स्थळंही आणली होती. आणि बरोबर शिकवणाऱ्या जितेंद्रसोबत तारकर्लीला एकदा अर्धा तास कॉफी प्यायली, तर ती घरी यायच्या आत बाबांना कपांची संख्यासुद्धा कळली होती. पेज हवी तर हेही घ्यावं लागतं, वेगळं करून मिळत नाही.

"जूनपासून तुका हयसरच कायम करूया," दाजी म्हणाले.

"तसं लेखी मिळेल?"

दाजी खळखळून हसले. "लेखी कशाक? मी सांगतंय मा!"

तरीही ती बाहेर पडली ती हलकी होऊन. दाखला पर्समध्ये होता, शिक्का नीट उमटला होता. रविवारी रात्री जेवताना तिने सांगितलं, "बाबा, उद्या कोल्हापुराक जातंय." महादू "होय" म्हणाले आणि भात कालवत राहिले. पहाटे चारला उठून त्यांनी तिला भाकरी-चटणीचा डबा करून दिला. पाचच्या गाडीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता म्हटलं, "मुलाखतीक मा? बरी होवंदे." तिने कपाळाला हात लावला, पण तिला हसूही आलं.

कोल्हापूरला उमेदवार पाच होते. संचिताचा नंबर चौथा. आत तीन गृहस्थ आणि एक बाई. मधल्या गृहस्थांनी तिची फाईल उघडली, दाखला बघितला, आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला तर तिथेच कायम करतायत ना?"

"नाही सर. अजून तसं काही नाही."

"शनिवारी तुमच्या अध्यक्षांचा आमच्या साहेबांना फोन होता. खूप कौतुक करत होते तुमचं. मुलगी हौसेनं येतेय, तिला येऊ द्या, पण ती काही गाव सोडायची नाही, म्हणाले."

"मी असं कुणालाही म्हटलेलं नाही."

"तुमच्या वडिलांनीच सांगितलं म्हणे त्यांना. एकटे असतात ना ते?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

संचिताने मान हलवली. दुसरं काय करणार? ती सोडून वडिलांना कुणी नव्हतं, ते खोटं नव्हतं. सगळी तयारी करून आलेली ती, पण त्यांनी दोनच प्रश्न विचारले, तेही बीएस्सीच्या पोराला विचारावेत तसले. सहाव्या मिनिटाला ती बाहेर होती. तिच्यानंतर गेलेली मुलगी पाऊण तास आत बसली.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून ती रागावायला माणूस शोधत राहिली. कॉस्मेकाकांनी तिचा जिना वाचवला होता. दाजींनी कौतुक केलं होतं. आणि बाबांनी डबा बांधून दिला होता, त्यातली चटणी तिच्या आवडीची होती. यातलं कुणी तिचं वाईट चिंतणारं नव्हतं. धड एका माणसावर ओरडताही येऊ नये, याचंच तिला रडू फुटलं. फोंडा घाट उतरेपर्यंत ती ओढणीत तोंड लपवून रडली, आणि मग शेजारच्या बाईने ओळख काढायच्या आत डोळे पुसून बसली.

साडेसहाला गाडी स्टँडवर लागली. महादू स्कूटी घेऊन उभे होते. तिने कळवलं नव्हतं, पण कणकवलीला गाडीत चढलेल्या कुणीतरी फोन केला होता.

"तोंड सुकलां तुझां," ते म्हणाले. "काय खाल्लंस की नाय?"

"दाजींक फोन करूक तू सांगलंस?"

महादूंनी चावीकडे बघितलं. पलीकडे रिक्षावाले गप्प झाले होते.

"माका वाटलां, तू जातलंस," ते म्हणाले.

"मगे माका इचारूचा."

"इचारलंय असतंय, आणि तू होय म्हटलां असतंस तर?"

इतक्या वर्षांत बाबांचा आवाज असा तिने ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच संताप आला.

"तू इचारलां असतंस, तर मी कदाचित रवलंय असतंय," ती म्हणाली. "आता मी हयसर रवूचंय नाय, बाबा. तुमी सगळ्यांनी मेळान माका अडवलास."

महादूंनी गाडी सुरू केली. "बस गो बाय. घराक जावया."

ती बसली. त्या वेळी त्यांच्या वाडीकडे जाणारं दुसरं काही नव्हतं, आणि सकाळी सव्वासातला तिचा पहिला तास होता. एरवी ती बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. आज तिने मागची दांडी धरली. महादू गाडी फार हळू चालवत होते. खांद्यावर हात यायची ते वाट बघतायत, हे तिला कळत होतं, आणि वाडी येईपर्यंत तिने दांडी सोडली नाही.