स्पॅनिशला चार पर्याय

आपला मराठीचा तास जाणार, हे अख्ख्या लातुरात सगळ्यांत शेवटी शेषेराव सरांनाच कळलं. क्लासचे संचालक मन्मथ सर यांनी अकरावीला मराठीऐवजी स्पॅनिश सक्तीची केली होती. मराठीत पोरं निबंध लिहितात आणि निबंधाला मार्क कापले जातात. स्पॅनिश तपासणारंच इथं कुणी नाही, तर कापणार कोण? शेषेरावांना आता मेसवर नेमायचं ठरत होतं. जन्मभर कविता शिकवलेला माणूस भाजीतलं मीठ बघणार होता.

पालकांच्या सभेत त्यावरून जुंपली. औशाचे खाजाभाई म्हणाले, "पोरगी डॉक्टर होणार. पेशंट काय स्पॅनिशमधी कण्हणार हाय का, सर?"

देवणीच्या कमलम्मांच्या घरात कन्नड, बाजारात मराठी, शेजारी दखनी उर्दू आणि क्लासात इंग्रजी. "माझ्या पोरीला भाषा कमी पडत न्हाई," त्या म्हणाल्या, "झोप कमी पडायली."

मन्मथ सरांनी शांतपणे सांगितलं, की नांदेडच्या एका क्लासनं जपानी सुरू केलीय. नांदेड पुढं जाणार म्हटल्यावर सभा विरोध विसरली. शेषेरावांना मेसचा वास यायला लागला.

मग प्रात्यक्षिक. भूकंपानंतर बांधलेली घरं बघायला चिलीहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. मन्मथ सरांनी त्यांना शाल-नारळ देऊन, दुभाष्यासकट मंचावर बसवलं. बाईंनी खाजाभाईंच्या पोरीला, तूबाला, स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं.

"क," तूबा म्हणाली.

टाळ्या पडल्या. दुसरीला विचारलं. "ब." वेग बघून पालक सुखावले. लातुरात सगळं शिकवतात तशीच प्रात्यक्षिकासाठी पंधरा दिवस स्पॅनिश शिकवली होती: प्रश्नसंच सोडव, परत सोडव, उत्तर झोपेतही आलं पाहिजे.

दुभाष्या अवघडून म्हणाला, "बाईंनी नाव विचारलं होतं."

खाजाभाई उठले. "मी तर तूबा ठेवलं होतं."

शेषेरावांना बळ आलं. त्यांनी पुढं होऊन मायेनं मराठीत विचारलं, "बेटा, नाव काय तुझं?"

तूबानं क्षणभर विचार केला. "सर, पर्याय?"

मराठीही गेली होती, आणि ती शेषेरावांच्याच तासाला गेली होती.

सभेचा निकाल कमलम्मांनी लावला. स्पॅनिश ऱ्हाऊ द्या, मार्क मिळतेत. पण रोज एक तास बिनपर्यायाचा पाहिजे, तोही सक्तीचा. खाजाभाई म्हणाले, शिकवायला शेषेराव सर. मन्मथ सरांनी लगेच त्याची वेगळी जाहिरात काढली.

पहिल्या दिवशी शेषेरावांनी वर्गाला विचारलं, "जेवलात का?"

पोरं फळ्यावर पर्याय शोधू लागली. शेवटी मागून तूबानं भीत भीत हात वर केला. "सर, चुकलं तर मार्क कटतेत का?"

"न्हाई."

मग जो कल्ला सुरू झाला, तो बंद करायला शेजारच्या वर्गातले फिजिक्सचे सर आले, आणि मेसच्या आमटीवर अर्धा तास बोलून गेले.