लाल पेटीतली वाक्यं

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणत. अर्थात पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकतीस वर्षं त्याने बेअरिंगं तपासली. फिरत्या मशिनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि शांतपणे सांगायचं, "ह्यातल्या एका गोळीवर ओरखडा आहे. काढा." उघडून बघावं तर ओरखडा असायचाच. तपासल्याशिवाय त्याने एक नग कधी बाहेर जाऊ दिला नाही. गाडी भरायला उभी असो, नाहीतर साहेब डोक्यावर येऊन उभा राहो, मायक्रॉन जागचा हलायचा नाही.

निवृत्तीनंतर तपासायला घर तेवढं उरलं. बायकोने ते कसं सोसलं ते तिचं तिलाच माहीत. पण ती कुढत बसणाऱ्यांतली नव्हती. एकदा तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याची धडगत नसायची. "अहो मायक्रॉन," ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दाराची बिजागरी ऐकून झाली असेल तर पानं घेतलीत, या!" तो निमूट यायचा. घरात बोलायचं काम तिच्याकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नानंतर वर्षभरातच होऊन गेली होती.

मग तिच्या घशात, अगदी खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ निघाली. आवाजाला अजून काही झालेलं नव्हतं. पण गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. श्वास मानेतल्या भोकातून घ्यायचा आणि बोलणं बंद, ते कायमचं.

रुग्णालयातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी बायकोने आठशे वाक्यं वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची, ती बाईंच्या केंद्राकडे पाठवायची. केंद्र त्यातून तिचा आवाज तयार करणार आणि एका छोट्या यंत्रात घालून देणार. मग ती जे टाइप करेल ते यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. "जेवढं रेकॉर्ड होईल तेवढं रोजच्या रोज पाठवत चला," बाई म्हणाल्या होत्या. "थोडंफार इकडेतिकडे झालं तरी चालतं. मशीन सांभाळून घेतं."

मशीन सांभाळून घेतं, हे वाक्य मायक्रॉनला मुळीच पटलं नाही. ज्या आवाजात तिने उरलेलं आयुष्य बोलायचं, त्यात चमच्याचा खडखडाट शिरला तर? त्याने ठरवलं की सगळा माल एकदमच जाईल आणि तपासूनच जाईल. यात त्याचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेम करायची त्याला एवढी एकच रीत येत होती.

तीन आठवडे ती दिवाणावर बसून वाचत राहिली आणि तो समोर हेडफोन घालून ऐकत राहिला. 'खिडकीजवळची खुर्ची जरा सरकवा.' 'मला आज बरं वाटतंय.' 'मला कुणाची मदत नको.' कुठे श्वास लागला, कुठे भांडं वाजलं, कुठे तिला हसू फुटलं, की याचा हात वर. पुन्हा. ती चिडायची, पाणी प्यायची, पुन्हा वाचायची. एकसष्ट वाक्यं त्याने नापास केली. नापास माल फेकायचा नाही, चांगल्या मालाजवळही ठेवायचा नाही. तो लाल पेटीत, कुलपात, कारण लिहून ठेवायचा. कारखान्याचा हा नियम त्याच्या हाडात मुरला होता. म्हणून ती एकसष्ट वाक्यं त्याने लॅपटॉपवरून उचलून एका पेन ड्राइव्हवर नेऊन टाकली. त्याला लाल पट्टी चिकटवली, प्रत्येक वाक्याच्या नावापुढे कारण लिहिलं आणि पेन ड्राइव्ह कपाटाच्या खणात ठेवून दिला.

ऑपरेशन झालं. वाक्यांची शेवटची तपासणी राहिली होती, ती त्याने रुग्णालयाच्या बाकावर केली. मुलीने देऊन टाकलेला तो जुना, जड लॅपटॉप रोज काखेत मारून तो बसने जायचा. कित्येकदा तर चालूच ठेवून, कारण बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ फार जायचा. बाराव्या दिवशी ती घरी आली आणि त्याच दिवशी आठशेवं वाक्यही पास झालं. उद्या सकाळी पाठवायचं.

सकाळी लॅपटॉप उघडायलाच वीस मिनिटं लागली.

बायको आतल्या खोलीत उशांना टेकून बसली होती. गळ्यावर पट्टी, मांडीवर पुसायची पाटी. तिने पाटी वर धरली: आवाज कधी?

"आज पाठवतोय. शुक्रवारी बाई यंत्र घेऊन येणार आहेत," तो म्हणाला.

तिने लिहिलं, 'साठलंय खूप. तयारीत राहा.' आणि नुसत्या खांद्यांनी हसली. त्याला अजून तिच्या बिनआवाजी हसण्याची सवय झाली नव्हती.

तो बाहेर आला. लॅपटॉपच्या पोटातून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. मग घरघर, मग पुन्हा टक्. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, टोक खालच्या झाकणाला टेकवलं, मुठीला कान लावला. बेअरिंग नाही. बेअरिंग रडतं, असं ठोकत नाही. आत काहीतरी आपली जागा शोधत होतं आणि ती सापडली नाही की मागे जाऊन पुन्हा शोधत होतं.

त्याने वाक्यांचं फोल्डर उघडलं. ते उघडलं हे महत्त्वाचं आहे. यादी दिसली, एक ते आठशे. पहिलं वाक्य लावलं तर दोन शब्द बोलून ते अडलं, आणि दहा सेकंदांनी पुढे गेलं. म्हणजे त्या घडीला माल आत होता आणि हातात येत होता. दुसरा कुणीही असता तर त्याने हाताला लागेल ते भराभर बाहेर काढलं असतं. मायक्रॉनने मात्र विचार केला, की आधी दोष पक्का कळायला हवा. दोष न कळता माल हलवायचा म्हणजे त्यातला खराब कुठला आणि चांगला कुठला हे कसं समजणार?

त्याने डिस्कची संपूर्ण तपासणी सुरू केली. बिघडलेले भाग दुरुस्तही करायचे का, असं लॅपटॉपने विचारलं. त्याने हो म्हटलं.

साडेनऊला एक टक्का. साडेअकराला अकरा. त्याने बायकोला नळीतून दुपारचं दिलं, गळ्याची पट्टी बदलली, परत येऊन बसला. सत्तावीस टक्क्यांवर आकडा थांबला. ठोके जलद झाले. मग एक बारीक, खरखरीत ओढल्याचा आवाज आला. तो आवाज त्याने आयुष्यात हजार वेळा ऐकला होता. त्याने बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. पुन्हा लावला तेव्हा काळ्या पडद्यावर एवढंच आलं, की डिस्क सापडत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीने डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या मशिनला जोडली, दोन सेकंद ऐकलं आणि झटकन वीज तोडली.

"काका, ठोके कधीपासून येत होते?"

"आज सकाळी ऐकले. त्याआधी नुसताच हळू चालायचा."

"मग बंद करून आणलात ना लगेच?"

"नाही. तपासत होतो."

"किती वेळ?"

"चार तास. पूर्ण तपासणी लावली होती. दुरुस्तीसकट."

तिने डिस्क हळूच टेबलावर ठेवली. दुरुस्तीवाली फटकळ होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज खाली आणला. "अहो काका, धाप लागलेल्या माणसाला काय झालंय हे बघायला कुणी जिने चढायला लावतं का? आधी जमेल तेवढं उतरवून घ्यायचं. तपासायचं मागाहून." मग म्हणाली, "दुसरीकडे कुठे कॉपी आहे? पेन ड्राइव्हवर, मेलवर?"

"नाही," तो म्हणाला. "फक्त नापास आहेत."

तिला ते कळलं नाही, आणि त्याने समजावून सांगितलं नाही.

डिस्क उघडून माहिती काढणारी एक प्रयोगशाळा होती, तिकडे तिने ती पाठवली. आठ दिवस लागतील म्हणाली. त्या आठ दिवसांत मायक्रॉन एकतीस वर्षांत बोलला नव्हता इतकं खोटं बोलला. शुक्रवारी बाईंचा फोन आला, "अजून काहीच आलेलं नाही तुमच्याकडून?" तेव्हा तो मोरीत जाऊन, नळ सोडून बोलला. बायकोला सांगितलं, केंद्रात काम वाढलंय. तिने पाटीवर लिहिलं, 'घाई नको. नीट करू दे त्यांना.' त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी दुरुस्तीवालीने त्याला बोलावलं आणि फोनवर आलेला फोटो दाखवला. डिस्कच्या आतली आरशासारखी चकचकीत तबकडी आणि तिच्यावर गोल, मातकट रिंगण. ओरखडा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"वरचा थरच खरवडून निघालाय," ती म्हणाली. "काहीच येणार नाही, काका. लॅपटॉपला दुसरी डिस्क बसवून दिलीय. तेवढं करता आलं."

घरी येऊन त्याने लालपट्टीचा पेन ड्राइव्ह खणातून काढला आणि बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. निदान साडेतीनशे वाक्यं लागतात, बाई म्हणाल्या. एकसष्टात आवाज उभा राहणार नाही. मग त्यांनी विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

त्याने फोन ठेवला आणि आत गेला. पलंगाच्या कडेला बसला आणि पायरी पायरीने सगळं सांगितलं. पाठवायला सांगितलं होतं ते, पाठवलं नाही ते, फोल्डर उघडलं होतं ते, तरी उतरवून घेतलं नाही ते. काही लपवलं नाही. तिने मधेच पाटी उचलली नाही. त्याचं सांगून संपलं तरी ती भिंतीकडे बघत राहिली. आदळआपट करायलासुद्धा माणसाला आवाज लागतो, हे त्याला त्या वेळी कळलं.

खूप वेळाने तिने त्याच्या मुठीतल्या पेन ड्राइव्हकडे बोट दाखवलं.

त्याने तो लॅपटॉपला लावला. क्रमांक बेचाळीस, चमचा. 'खिडकीजवळची खुर्ची जरा सरकवा,' आणि मागून खणखणाट, आणि ती, "पडला मेला!" क्रमांक एकशे अठरा, श्वास. क्रमांक दोनशे तीन, हसली. 'मला आज बरं वाटतंय,' म्हणताना तिला हसू आवरलं नव्हतं. क्रमांक तीनशे तीस, मधेच बोलली. 'मला कुणाची मदत नको,' आणि पाठोपाठ, "अहो, असं तोंड काय करताय? परीक्षा माझी आहे का तुमची?"

खोलीभर तिचा आवाज होता आणि ती ओठ मिटून ऐकत होती. तीनशे तीस संपल्यावर तिने हाताने थांबवलं आणि पाटी घेतली. हळूहळू लिहिलं: ह्यात खराब काय होतं?

त्याने तेच वाक्य परत लावलं. सवयीने मान वाकडी करून स्पीकरला कान लावला. नीट ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं. शब्द स्वच्छ होते, दम पुरला होता, आवाज तिचाच होता, जसा रोज स्वयंपाकघरातून यायचा तसाच.

"काही नाही गं," तो म्हणाला. "काहीच खराब नव्हतं."

तिने पाटी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे तोंड वळवून ती बोलायला लागली. ओठ भराभर हलत होते, भुवया वर जात होत्या, हात नाचत होते. साठलेलं सगळं ती बोलत होती, थांबत नव्हती, आणि गळ्यावरच्या पट्टीतून नुसती हवा फसफसत होती. तो अगदी जवळ सरकला. तिच्या ओठांना जवळजवळ कान लावला.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं. "लिही ना. लिहून दाखव."

तिने पाटी उचलली नाही.