हाइलची अनोळखी शेजारीण

सौदीतल्या अबकैकच्या एका तेल कंपनीत कॉम्प्युटरची दोन कपाटाएवढी मशीनं होती. एक राबायचं, दुसरं तयारीत उभं राहायचं. दोन्ही सारखी एकमेकांना आपापलं नाव सांगत असत. राबणाऱ्याचा आवाज बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं. ती सांभाळणाऱ्या कमलाकर साहेबांनी राबणाऱ्याचं नाव ठेवलं होतं हाइल आणि दुसऱ्याचं थुवाल.

मशीनचं नाव बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नसतं. चालू होताना ते स्वतःच्या पोटातलं नाव वाचतं आणि तेच सांगत सुटतं. समोरच्याच्या यादीत ते नसलं, तर त्याला दारातच थांबवतात.

साहेबांच्या हाताखालच्या हारूनला हे पाठ होतं. तरी त्यानं त्या दिवशी गाढवपणा केला. लग्न होऊन तो परतला आणि युद्ध पेटलं, रजा बंद झाल्या. साहेब म्हणाले होते, "आज बड्या साहेबांसमोर हाइल बंद करून दाखवू. दुसऱ्यानं काम उचललं, तर तुझा पासपोर्ट तुझ्या हातात. घरी जा." त्या आनंदात हारूननं सकाळी थुवालच्या पोटात बायकोचं नाव टाइप केलं. मशीन चालू आहे तोवर जुनंच नाव चालतं, घटकाभर बघू आणि पुसू, असा त्याचा हिशेब. पुसण्याआधीच हल्ल्याचा भोंगा झाला, दिवे गेले, आले आणि दोन्ही मशीनं नव्यानं उठली.

जाड भिंतींची खोली ही एकच, म्हणून कामगारांचा अख्खा कॅम्प गॅस-मास्क चढवून आत घुसला होता. पलीकडच्या टोकाला कमलाकर साहेब हाइलपाशी बसले होते. मास्कखाली चष्मा बसेना म्हणून तो खिशात आणि डोळे मिचमिचे. हाइल कुरकुरत होतं.

"समाधान, पडद्यावर काय म्हणतंय ते वाच," साहेबांनी शेजारच्या पोराला सांगितलं.

"साहेब, थुवाल आलंच नाही म्हणतंय. कोणीतरी अनोळखी दारात उभं आहे."

"हारून! काय नाव ठेवलंस त्याचं?"

हारूनला दरदरून घाम फुटला. त्याच्या गावात पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. हाक मारायची तर खोकतात.

"साहेब... घरातलं नाव आहे."

"कुणाच्या घरातलं?"

"आमच्या."

"अरे, घराला नाव असेल ना काही! सांग, यादीत घालतो. थुवाल पुन्हा बंद करून चालू करायला वेळ नाही. धोका टळल्याचा भोंगा झाला की बडा साहेब आत!"

हाइलच्या बटणांना साहेब दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नसत. हारूननं चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. साहेबांनी ती नाकाजवळ धरली, लांब धरली.

"छे, दिसत नाही. तुकाराम, तू वाच बघू मोठ्यानं."

तुकाराम म्हणजे कॅम्पचा वायरमन. त्याचा आवाज पाणीपुरवठ्याच्या टाकीपर्यंत जायचा. आपल्या बायकोचं नाव हा दांडगा ओरडणार, या विचारानं हारूनच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसं तुडवत तो धावला, तुकारामच्या हातातली चिठ्ठी हिसकली, मास्क ओढून काढला आणि कूलरच्या घरघरीवर बोंबलला, "रुकय्या!"

सगळे मास्क एकदम त्याच्याकडे वळले. साहेबांनी न बघता टाइप केलं. दारातल्या बाईला हाइलनं आत घेतलं.

बडा साहेब आला. हाइल बंद केलं. आणि थुवालच्या जागची ती कपाटाएवढी बाई मुकाट्यानं कामाला लागली. बडा साहेब खूश झाला. "कोणी उचललं काम?" अख्खा कॅम्प ओरडला, "रुकय्या!" हारूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पासपोर्ट खिशात पडला होता.

रत्नागिरीजवळच्या घरी तो पोचला तेव्हा अंगणात आई, मावशी, शेजारचे फकरुद्दीनचाचा, सगळे बसलेले. हारूननं बॅग टेकवली आणि सवयीनं खोकला. आतून काही हालचाल नाही. तो पुन्हा खोकला. मावशी म्हणाली, "पाणी दे गो कुणीतरी त्याला."

मग हारूननं छाती भरून घेतली आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "रुकय्या!"

मावशीच्या हातातली सुपारी पडली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, आणि लगेच आवाज आला, "आहे की हो मी! ओरडता कशाला?"

हारून तिथेच पायरीवर बसला. त्याला हसू आवरेना, आणि रडूही.