हॉटप्रेसमधला हळदीचा लेप

मी हळदीचा लेप बोलतोय. माझा तपकिरी रंग बघून नाक मुरडलंत ना? मुरडा. हल्ली सगळेच मुरडतात. रंग का गेला, हे मात्र मला कोणी विचारत नाही.

माझा जन्म आयर्लंडातल्या मलिंगार गावच्या एका स्वयंपाकघरातला. पूर्णिमाने खोबरेल, हळद आणि लिंबाचा रस घोटून मला काचेच्या डबीत भरलं. मी झेंडूसारखा पिवळाधमक. वर चिठ्ठी डकवली, 'शंभर टक्के नैसर्गिक, कायम ताजा'. तिथेच माझं डोकं फिरलं. अहो, कापलेलं सफरचंद तरी कायम ताजं राहतं का?

मी नमुन्याची डबी. शनिवारच्या बाजारात मला उघडून दाखवायचे आणि माझी भावंडं हातोहात खपायची. पुण्याची नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेल्या पूर्णिमाचं या देशात स्वतःचं म्हणावं असं ते एकच टेबल.

थंडी पडली, खोबरेल गोठलं, आम्ही सगळे दगड झालो. तेव्हा चिपळूणहून आलेल्या तिच्या सासूबाई, उषाताई, म्हणाल्या, "अगो, त्या हॉटप्रेसात ठेव. माझे पापड कसे खडखडीत वाळले तिथे." हॉटप्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, इथे त्यात टॉवेल सुकवतात.

त्या उबेत आम्ही मऊ झालो खरे, पण तेल खवट होऊ लागलं. शनिवारी काच चमकावी म्हणून उन्हात मांडायचे. आयर्लंडात ऊन ते केवढं, म्हणाल. हळद उडायला तेवढं पुरतं. येईल तो माझं झाकण उघडून हुंगायचा. हवा लागून लिंबाचा रस तपकिरी झाला. वर उषाताई रोज ओलं बोट घालायच्या. बोट जाईल तिथे बुरशीचा काळा ठिपका.

मग बाजार सांभाळणारी नोरीन आली. "पूर्णिमा, लव्ह, तो युअर मॅन, मागच्या शनिवारचं गिऱ्हाईक, डबी परत घेऊन आलाय. चिखल विकलात म्हणतो. अजून एक तक्रार आली तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

घरी येऊन पूर्णिमाने मला ओट्यावर आदळलं. "हळदच भेसळीची निघाली."

भेसळ? माझ्यात?

अंबरीश, तिचा नवरा, लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "थोडा खायचा पिवळा रंग टाक ना यार. कोणाला कळतंय?"

"तोंडाला लावतात लोक हे."

"मग बंद कर. शनिवार तरी मोकळे मिळतील."

तिने खरंच रंगाची बाटली उघडली. हात असते तर मी ती हिसकावून घेतली असती. पण थेंब टाकण्याआधी तिने मला नाकाशी धरलं, खवट वास आला, ते काळे ठिपके दिसले आणि तिने बाटली खाली ठेवली.

"आई, हे तुम्ही आंघोळीहून आल्या आल्या लावता?"

"मग? वाळलेल्या अंगाला कोण लावतं?"

पूर्णिमा हॉटप्रेसकडे गेली. दार उघडून उबेत हात धरून नुसती उभी राहिली. मग माझी सगळी भावंडं तिने केराच्या पिशवीत ओतली.

पुढच्या शनिवारी टेबलावर गडद काचेच्या चिमुकल्या डब्या होत्या, थेट फ्रिजमधून आणलेल्या. चिठ्ठी नवी, 'थंड ठेवा, कोरडा चमचा वापरा, लवकर संपवा'. आणि सगळ्यांच्या पुढे मी, झाकणाला चिकटपट्टी लावलेला.

"हे काय गं?" नोरीनने विचारलं.

"हाही माझाच. नीट नाही ठेवला तर असा होतो."

नोरीनने मला उलटसुलट केलं, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, असं म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

राग गेला म्हणता? नाही गेला. तुमच्याही कपाटात माझ्यासारखा कोणी तपकिरी पडून राहिला असेल. खवट झालाय, तोंडाला लावू नका, खुशाल फेका. फक्त फेकताना त्याला भेसळ म्हणू नका.